तासाभरावरची लेक

लेक रोज माहेरी येते याच्यासारखं दुसरं सुख नाही, असं हिंगणमाळातल्या बायका म्हणायच्या. शालनअक्का म्हणायची, याच्यासारखा दुसरा ताप नाही.

येणं तरी कसं, तर पायातले बूट न काढता. एक पाय ओसरीवर, एक अंगणात. "आई, चहा अर्धाच दे." बस म्हटलं तर खांबाला टेकायची, खा म्हटलं तर उभ्यानं दोन घास मोडायची, आणि आईच्या तोंडाकडं एकदा बघायची तर मनगटावरच्या घड्याळाकडं तीनदा. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भाकरीचा तुकडा टाकला की बसून खातं, असं शालनअक्का एकदा तिला तोंडावर बोलली होती. लेक हसली होती. तेही उभ्यानंच.

लेकीचं नाव अक्षता. नोकरी हिंगणमाळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, डॉक्टरची. आणि राहायला पर्थला. पर्थ म्हणजे ऑस्ट्रेलियातलं, समुद्राच्या पार पलीकडचं. नवरा तिथल्या खाणीच्या कंपनीत, नऊ वर्षांची इरा तिथल्या शाळेत. सकाळी पोरीला शाळेत घालवायचं, इकडं यायचं, दिवसभर गावाच्या जिभा आणि नाड्या बघायच्या आणि पोरीच्या जेवणाला परत तिकडं. इकडचे मास्तर जसे तालुक्याहून मोटरसायकलवर अपडाउन करतात, तसं हिचं सात हजार किलोमीटरचं अपडाउन.

हे सगळं गोफणीमुळं.

गोफण हे नाव गावानं ठेवलेलं. कागदोपत्री त्या यानाचं नाव लांबलचक होतं आणि ते कुणाच्याच तोंडात बसत नव्हतं. गावाच्या उत्तरेला, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, त्या माळावर सरकारनं तळ बांधला, आणि पहिलं यान उठलं त्या दिवशी समोरच्या हौसाबाईच्या म्हशीनं दूध चोरलं ते चार दिवस सोडलं नाही. शालनअक्कानं तेव्हाच लेकीला विचारलं होतं, "विमानाला रात्रभर लागतंय, मग हे बेणं अर्ध्या तासात कसं पोचतंय?"

अक्षता समजवायला चांगली. ती म्हणाली, "आई, उभ्या जोंधळ्यातनं पळवतं का? ताटं आडवी येतात. विमान तसं हवेतनं पळतं. हवा म्हणजे उभं पीक. जेवढं जोरात पळावं तेवढं अंगाला कापतं. गोफण त्या पिकात शिरतच नाही. सरळ वर जाते, हवा संपते तिथवर. तिथं अडवायला काही नाही. मग राखणीचा धोंडा गोफणीतनं सुटतो तसं यान सुटतं. इंजिन बंद. नुसती कमान करून ते पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला पडतं."

"पडतं?"

"पडायचंच असतं. फक्त कुठं पडायचं ते आधी ठरवून."

"आन् चुकलं तर?"

"चुकत नाही."

खाली येताना यान परत हवेत घुसलं की घासून असं तापतं, की त्याच्या भोवतीची हवाच पेटल्यासारखी होते आणि विजेनं भारली जाते. तेवढा वेळ आतला फोन बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. बाकीचं शास्त्र शालनअक्का विसरली, एवढं मात्र तिच्या डोक्यात रुतून बसलं. आपली लेक रोज दोनदा अशा जागी असते जिथं आईची हाक पोचत नाही.

आता सरकारी डॉक्टरनं परदेशातनं अपडाउन करायचं, हे सरकारनं चालवून कसं घेतलं? त्याचं मूळ शालनअक्कातच होतं, आणि गावात हे तिच्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती.

शालनअक्का दुसरी पास. सही करायची ती एकेक अक्षर दगडासारखं रचून. पण दोन वेळा सरपंच झाली आणि दोन्ही वेळा गावाला तिनं धाकात ठेवलं. तेव्हा केंद्रात डॉक्टर म्हणून जो येई तो सांगलीला राही. गावात राहायचा नियम होता, पण तो कागदावर. डॉक्टर सकाळी दहाला उगवे, दुपारी तीनला मावळे, आणि लोकांनी आजारी पडायचं ते त्याच्या मधल्या वेळात. एकदा वरचे मोठे साहेब गावाच्या ग्रामसभेला आले. शालनअक्का उठली, टेबलावर हात आपटला, साहेबांच्या पुढ्यातला चहा सांडला. "राहत न्हाई तर नका राहू! पर हाक मारली की तासाभरात दारात हुभा ऱ्हायला पायजे! तासाभराच्या पुढं ज्यो ऱ्हातो त्यो आमचा डाक्टर न्हवं. लिव्हा हे!"

ग्रामसेवकानं लिहिलं. साहेबांना ते आवडलं. वर्षभरात तोच नियम सगळ्या जिल्ह्यांना लागू झाला: डॉक्टर तासाभराच्या अंतरावर राहणारा हवा.

या मुलखात अंतर असंच सांगतात. गाव किती लांब म्हणून विचारा, कुणी म्हणेल विडी विझेस्तोवर, कुणी म्हणेल भाकरी जिरेस्तोवर. किलोमीटर सांगणारा माणूस बाहेरचा समजावा. तास म्हणजे इथं घड्याळ नाही, तास म्हणजे जागा. तासाभरावर म्हणजे पलीकडच्या ओढ्याच्या आसपास, आपल्याच शिवेला लागून.

मग गोफण आली, आणि तोच तास समुद्र ओलांडून गेला. नियमाला कुठं धक्का लागला नाही. तास तेवढाच राहिला, त्यात मावणारी जमीन तेवढी वाढली. सरकारी नोकरांना गोफणीचा पास मिळाला, एसटीचा मिळायचा तसा. बघता बघता तालुक्यातल्या एका केंद्राचा डॉक्टर नैरोबीहून येऊ लागला, दुसऱ्याचा मस्कतहून, आणि हिंगणमाळची जागा अक्षताला मिळाली. त्या दिवशी शालनअक्कानं पेढे वाटले. तळपायापासून शेंडीपर्यंत फुगली होती. तलाठ्याच्या घरी मुद्दाम पेढा घेऊन गेली आणि म्हणाली, "माजी लेक समुद्रापल्याडनं टायमावर येती, आन् तुमाला तालुक्यासनं येववत न्हाई."

पहिल्या दिवशी अक्षता निघाली तेव्हा शालनअक्कानं तिची ओटी भरली. माहेराहून निघालेल्या लेकीला मोकळी धाडायची नाही, ही रीत. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, वर शेंडीचा नारळ. दुसऱ्या दिवशी लेक परत निघाली. पुन्हा ओटी. तिसऱ्या दिवशी अक्षता म्हणाली, "आई, हे तिथं नेऊ देत नाहीत. दारातच काढून घेतात. तांदूळ नाही, नारळ तर नाहीच."

"मग?"

"मग तू भर, मी नमस्कार करते, आणि ठेवते परत डब्यात."

तसंच चाललं. रोज संध्याकाळी तेच तांदूळ पदरात पडायचे नि तेच डब्यात जायचे. तोच नारळ. त्याला रोज कुंकू लागून लागून डोळे लाल झाले होते. शालनअक्काला हे मनातनं पटत नव्हतं, पण मोकळी धाडायचं त्याहून पटत नव्हतं.

समोरच्या दारात हौसाबाई राहायची. दोघींचं चाळीस वर्षांचं भांडण, आणि एकीच्या घरी कालवण झालं की वाटी दुसरीकडं गेल्याशिवाय घास उतरायचा नाही. हौसाबाई रोज ते ओटीचं बघायची आणि रोज काहीतरी बोलायची. "शालन, नारळ दमला गं तुजा. त्याला बी एक सुट्टी दे."

त्याच हौसाबाईची सून सोनल. लग्नाला आठ वर्षं झाली, दवाखाने झाले, नवससायास झाले, तेव्हा कुठं दिवस राहिले. आठवा सरत आला तशी हौसाबाई एका दुपारी वाटी घेऊन आली आणि वाटी खाली न ठेवता म्हणाली, "शालन, एक मागू का? अक्षताला म्हण, सोनलच्या वक्ताला चार रात्री हिथं ऱ्हा. तिच्या हातावर माजा इश्वास हाय."

हौसाबाईनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. भांडून घेतलं होतं, मागितलं नव्हतं. शालनअक्का छाती पुढं काढून म्हणाली, "चार काय, आठ ऱ्हाईल. माजा शबुद."

संध्याकाळी लेक आली. तीच ओसरी, तेच बूट.

"सोनलचं होईस्तोवर हिथं ऱ्हायचं. तुजी खोली झाडून ठेवलीया."

"राहून काय करू आई? तपासण्या सगळ्या नीट आहेत. कळा लागल्या की फोन करा. तासाभरात येते की."

"तासाभरात ये म्हनून न्हाई म्हनत मी. ऱ्हा म्हनती."

"दोन्हीत फरक काय आहे?"

शालनअक्काला फरक पक्का ठाऊक होता, पण तो सांगायला तिच्याकडं शब्द नव्हता. आणि शब्द नसला की तिचा पारा चढायचा. "दीड वरीस झालं. एका रात्रीला तरी पाठ टेकलीस का माज्या घरात? पावना तरी मुक्काम करतो. आमी तिठ्यावरच्या हॉटेलवाल्यासारकं तुला चहा पाजतोय."

"इराला रात्री मी लागते."

"दीस मावळल्यावर गावाला बी कोनतरी लागतं!"

"आई," अक्षताचा आवाज पहिल्यांदा वर गेला, "तुला काय वाटतं, मला हौस आहे? तिथं माझी डिग्री चालत नाही. परीक्षा दे, पुन्हा शीक, पाच वर्षं थांब. इथली नोकरी आहे म्हणून मी डॉक्टर आहे. ही सोडली तर तिथं मी नुसती कुणाची बायको. आणि पोर सोडून इथं राहिले तर कुणाची आई नाही. गोफण आहे म्हणून दोन्ही जमतंय. तूच म्हणाली होतीस ना तासाभरात दारात पाहिजे? आहे की मी दारात."

स्वतःचाच शब्द स्वतःच्या डोळ्यात गेला की माणूस चोळत बसतं. शालनअक्का चोळत बसली. लेकीनं ओटी भरून घेतली, नारळ डब्यावर ठेवला आणि गेली.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्यानं, सकाळच्या वक्ताला, फोन आला.

"आई, आज गोफण बंद आहे."

"काय मोडलं?"

"मोडलं नाही काही. सूर्यावर मोठा स्फोट झालाय. तिथनं विजेनं भारलेले बारीक कण सुटलेत, पाऊस पडावा तसे. तुम्हाला खाली काही होत नाही, हवेची गोधडी आहे अंगावर. आम्ही वर गेलो की गोधडीच्या बाहेर पडतो. ते कण माणसाच्या हाडापर्यंत शिरतात, यंत्राच्या डोक्यातही शिरतात. म्हणून जगातल्या सगळ्या गोफणी खाली बसवल्यात."

शालनअक्कानं अंगणात येऊन वर बघितलं. ऊन रोजच्यासारखंच पडलं होतं. कोंबडी पिलं घेऊन उकरत होती. "ह्या उनानं?"

"ह्याच उन्हानं."

"कवा चालू हुनार?"

"उद्या. फार तर परवा."

"मग त्या जुन्या इमानानं ये."

"ते मधे एकदा बदलावं लागतं, आई. मग मुंबई. मग रात्रभर गाडी. आज निघाले तर उद्या रात्री पोचेन, तोवर गोफणच चालू होईल." मग घाईनं, "सोनलला अजून दहा-बारा दिवस आहेत. काळजी करू नकोस."

अर्ध्या तासाचं अंतर एका सकाळीत परत सात हजार किलोमीटर झालं. ते कुठं गेलंच नव्हतं. मांजरासारखं दबा धरून बसलं होतं.

आणि पोटातल्या जिवाला डॉक्टरांची तारीख कोण सांगणार? जेवणवेळ टळायच्या आत सोनलच्या कळा सुरू झाल्या.

केंद्रात तनिष्का सिस्टर एकटी होती. पोरगी गुणाची, हाताची हलकी. चार वाजायच्या आत तिनं सोडवलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. हौसाबाई बाहेर बाकावर शालनअक्काशेजारी बसून देवाला हात जोडते तोवर आत सिस्टरचा आवाज बदलला. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. सुई दिली, दुसरी दिली. गर्भाशय मूठ आवळावी तसं आवळायला पाहिजे, ते सैल चिंधीसारखं पडून होतं.

शेजारच्या केंद्राला फोन लावला. तिथला डॉक्टर नैरोबीत. त्याच्या पलीकडचा मस्कतमध्ये. सगळे नियमाप्रमाणे तासाभराच्या अंतरावर, सगळे हजेरीवर, आणि अख्ख्या तालुक्यात त्या दुपारी जमिनीवर पाय टेकलेला एक सरकारी डॉक्टर नव्हता. रक्ताची पिशवी मिरजेहून ड्रोननं यायची सोय होती, पण ड्रोन वाट विचारतो ती वरच्या उपग्रहांना, आणि त्या दिवशी उपग्रहच भांबावलेले. शेवटी राहिली ती रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स, चार चाकांची.

फोन तेवढा चालू होता, कारण तो समुद्राच्या तळातल्या तारेनं येत होता. अक्षता तिकडून बघत होती. तनिष्काचे दोन्ही हात गुंतलेले, आत धावलेल्या दोघींपैकी हौसाबाई भिंतीला धरून उभी. पडद्यावरनं अक्षता ओरडली, "आई! तू पुढं हो. हात धू. सोनलच्या बेंबीखाली हात ठेव. खाली दाब. गोल चोळ. अजून जोरात. कणीक तिंबतेस ना, तसं. सोडू नकोस!"

शालनअक्कानं हात ठेवला. पोट गरम, आणि आत काही नसल्यासारखं मऊ. तिनं चोळलं, दाबलं. सोनलचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि ती हळू आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होती, "अक्काताई आल्या का? अक्काताई आल्या का?" अक्षताला गावातल्या बाया अक्काताई म्हणायच्या.

"आल्या," शालनअक्का म्हणाली. "ही काय, बोलतीया नव्हं."

"मग त्यांचा हात का नाही लागत?"

अॅम्ब्युलन्स दाराशी लागली, सोनलला उचलून आत घेतलं. मिरजेपर्यंत शालनअक्का अॅम्ब्युलन्समध्ये गुडघ्यावर बसून होती. रस्त्यातला एकेक खड्डा तिच्या मनगटातनं सोनलच्या पोटात जात होता. मांडीजवळ ठेवलेल्या फोनमधनं लेक बोलत होती, मधेच रडत होती, मधेच दम देत होती, "आई, सोडलास का हात? सोडू नकोस." शालनअक्काचे हात लाकूड झाले. तिला राग आला होता, आणि तो रागच ते हात दाबून धरत होता. आवाज लेकीचा आणि हात माझा, ती मनात म्हणत होती. डॉक्टर तिथं, दुसरी पास इथं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सोनलला वाचवलं. पण रक्त थांबवायला गर्भाशय काढावं लागलं. हौसाबाईनं ते ऐकून घेतलं, कापडात गुंडाळलेली नात छातीशी धरली आणि म्हणाली, "शालन, ही एकच पदरात पडली. हिलाच जपायचं आता. दुसरं दार झाकलं." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी गोफण उठली. माळावरनं तो ओळखीचा गडगडाट आला, म्हशी बिथरल्या, आणि संध्याकाळी केंद्रातनं थेट अक्षता दारात. ठरल्या वेळी. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. डोळे सुजलेले.

आज तिनं बूट काढले. ओसरीवर येऊन बसली. "मिरजेला बोलले मी. सोनल उद्या खाऊ लागेल." मग चाचरत म्हणाली, "वाचली ना, आई?"

"वाचली."

"मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही."

"जागी ऱ्हायलीस. खरं हाय. पर कुटं?"

अक्षतानं मान खाली घातली. "चौकशीला वरनं माणूस आला होता केंद्रात. म्हणाला, नैसर्गिक आपत्ती, कुणाची चूक नाही. नियम पाळलेला आहे. दोन दिवस हजेरी धरलीय माझी."

"हजेरी धरली?"

"हो."

शालनअक्का उठली. आत गेली. अक्षताला वाटलं, चहा टाकायला गेली असेल. ती आली ती तांदळाचा डबा घेऊन, वर तो नारळ. लेकीच्या पुढ्यात बसली, नारळ उचलला आणि तिच्या कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं, कोरडं.

"ऐकलंस? दीड वरीस ह्यो एकच नारळ रोज तुज्या पदरात घातला आन् रोज काढला. पानी कवाच आटलं ह्याचं. बाहेरनं बघनाऱ्याला शेंडी दिसती, कुकू दिसतं, वाटतं, वा, काय लेकीची ओटी भरती शालन!" तिनं तो नारळ बाजूला ठेवला. "गावाचं बी तसंच केलं आपन दोघींनी."

"आई, मी काय करू? सांग. राहू? इराला..."

"न्हाई. तू तिथंच ऱ्हा. पोरीपाशी ऱ्हायचं हे बराबरच हाय तुजं, त्यात मी खोट काढनार न्हाई. पर तिथं हायस तर मग हिथं हाय म्हनू नको."

"नोकरी सोडू?"

"सोड."

"मग मी डॉक्टर राहणार नाही."

"परीक्षा दे. पाच वरसं लागू दे न्हाईतर सात. मी दुसरी पास हाय, तुला शिकवताना किती लागली ते मोजलं न्हाई." तिचा आवाज चिरला, तशी ती अजून चिडली. "रडू नगो! कान देऊन ऐक. रिकामा रांजण दिसला की मानूस पानी भरतंय. तुजा रांजण रिकामा, आन् वर झाकन. येनारा जानारा झाकन बघतो आन् म्हनतो, हाय पानी. तू रोज येतीस म्हनून हिथं कोन ऱ्हायला येत न्हाई. तू न्हाईस असं एकदा दिसू दे गावाला. मग मी जाती वर साहेबाकडं. पुना टेबलावर हात आपटती."

"आणि काय सांगणार?"

"सांगनार, तास पूस आन् रात लिव्ह. तासाला पंख फुटत्यात, रातीला न्हाई फुटत. ज्यो रातीला गावात निजतो, त्योच गावाचा डाक्टर."

अक्षता बसून राहिली. मिरजेला न्यायचा डबा करायला घरी आलेली हौसाबाई समोरच्या दारात उभी होती. आत गेली नाही. शालनअक्कानं फडताळातनं नवा नारळ काढला. हलवून बघितला. आतलं पाणी जड, भरलेलं. मूठभर नवे तांदूळ घेतले, जुन्या डब्यातले घेतले नाहीत. लेकीच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पदर धरायला लावला.

"तिथं काढून घेतील गं, आई."

"घेऊ देत. त्यांच्या दारात पडू दे, माज्या डब्यात परत पडायचं न्हाई." तांदूळ पदरात पडले, नारळ पडला. शालनअक्कानं लेकीची हनुवटी धरून वर केली. "आता ऐक माजं. उद्यापासनं यायचं न्हाई. महिन्यानं न्हाई, सनाला बी न्हाई. येशील तवा पोरीला घिऊन ये, पिशव्या घिऊन ये, आन् दारात आल्या आल्या पयलं ते घड्याळ काढून माज्या हातात दे. आठ रात्री माज्या घरात निजशील, त्या दिशी म्हनीन, माजी लेक आली. तवर मला लेक हाय, पर लांब हाय. लई लांब हाय. ऊठ, गोफण चुकंल."